निसटलेल्या चेंडूंचा हिशेब

२४ नोव्हेंबर १९६० रोजी फिलाडेल्फियात विल्ट चेंबरलेनने एकाच सामन्यात ५५ रिबाउंड घेतले. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला हा विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. समोर ऐरागैरा कुणी नव्हता, बॉस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल होता. चुकलेला शॉट परत मिळवण्यात त्या काळी चेंबरलेनला तोलामोलाचा माणूस तो एकटाच. विक्रमांच्या यादीत हा ५५ चा आकडा आजही सगळ्यात वर दिसतो. सामन्याचा निकाल मात्र त्या यादीत दिसत नाही. तो सामना सेल्टिक्सने १३२-१२९ असा जिंकला.

पंचावन्न वेळा चेंडू एका माणसाच्या हातात येतो आणि त्याचा संघ तीन गुणांनी हरतो. मग त्या पंचावन्नची किंमत काय धरायची? बास्केटबॉलच्या जगाला या प्रश्नाचे धड उत्तर सापडायला चाळीसहून अधिक वर्षे लागली. ही हकिकत त्या उत्तराच्या शोधाची आहे. खेळात चेंडू टोपलीत टाकणाऱ्याचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवला गेला. चुकलेला चेंडू परत आणणाऱ्याचा हिशेब साठ वर्षे कुणी ठेवलाच नाही, आणि ठेवायला लागल्यावरही बरीच वर्षे तो चुकीच्या रीतीने मांडला गेला.

सुरुवात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावची. तिथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या कॅनेडियन शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फूट उंचीवर ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊचे दोन गट केले. पहिला सामना १-० असा संपला. अख्ख्या खेळात एकच गोल, तोही विल्यम चेस नावाच्या विद्यार्थ्याने लांबून टाकलेला. याचाच अर्थ बाकीचे सगळे शॉट चुकले. त्या दुपारी चुकलेला चेंडू कुणी किती वेळा पकडला, हे लिहून ठेवावे असे कुणाला वाटण्याचा प्रश्नच नव्हता.

खरे तर आज ज्याला आपण रिबाउंड म्हणतो तो त्या दिवशी पुरता जन्मलाही नव्हता, कारण टोपलीमागे फळी नव्हती. टोपल्या सज्जाला ठोकलेल्या होत्या आणि सज्जात प्रेक्षक बसत. आपल्या संघाचा चेंडू जरा बाजूला गेला की त्याला आत ढकलायचे आणि समोरच्यांचा आत जात असेल तर बाहेर काढायचा, असा उद्योग ही मंडळी करू लागली. त्यांना आवर घालण्यासाठी १८९० च्या दशकातच टोपलीमागे आडोसा आला, आधी तारेच्या जाळीचा, मग लाकडाचा, पुढे काचेचा. प्रेक्षकांना अडवायला लावलेल्या या बोर्डाने खेळच बदलून टाकला. चुकलेला चेंडू आता बोर्डावर आपटून मैदानात परत येऊ लागला आणि कुठल्या कोनातून मारला की कुठे परत येईल याचा अंदाज बांधता येऊ लागला. अंदाज बांधता येतो तिथे कौशल्य येते. रिबाउंडचे कौशल्य असे प्रेक्षकांच्या वांडपणातून जन्माला आले.

तरीही मोजणी नव्हती. १९३७ पर्यंत तर प्रत्येक गोलनंतर मैदानाच्या मध्यभागी पुन्हा चेंडू उडवून खेळ सुरू होई. संघातला सर्वांत उंच खेळाडू प्रामुख्याने त्या उडीसाठी लागे. ती पद्धत गेली, खेळाचा वेग वाढला आणि उंच माणसाचे काम मध्यरेषेवरून बोर्डाखाली सरकले. मग १९५०-५१ च्या हंगामापासून एनबीएने प्रत्येक खेळाडूचे रिबाउंड अधिकृतपणे लिहायला सुरुवात केली. त्या पहिल्या वर्षी सिराक्यूजचा डॉल्फ शेज सरासरी १६.४ रिबाउंड घेऊन अव्वल आला.

याच हंगामात, २२ नोव्हेंबर १९५० रोजी, फोर्ट वेन आणि मिनिआपोलिस यांच्यातला सामना १९-१८ असा संपला. बलाढ्य मिनिआपोलिसपुढे शॉट मारण्याचा धोका नको म्हणून फोर्ट वेनच्या खेळाडूंनी चेंडू नुसता हातात धरून वेळ काढला. प्रेक्षक कंटाळले, संघांचे मालक हवालदिल झाले. त्यावर सिराक्यूजच्या डॅनी बियासोनने १९५४ मध्ये तोडगा काढला: चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांत शॉट मारायचाच. २४ हा आकडा आला कुठून, तर ४८ मिनिटांचे २,८८० सेकंद आणि चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० शॉट मारतात. भागाकार करून बघा.

घड्याळ आले आणि शॉटचा पाऊस पडू लागला. १९६०-६१ च्या हंगामात एकेक संघ सामन्याला सरासरी १०९ च्या आसपास शॉट मारत होता आणि त्यांतले जेमतेम ४१-४२ टक्के आत जात होते. म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून सव्वाशेच्या वर शॉट दर सामन्यात चुकत होते. इतके चेंडू बोर्डावरून खाली येत असताना सात फूट एक इंच उंचीचा, जवळजवळ एकही मिनिट बाहेर न बसणारा चेंबरलेन त्यांखाली उभा होता. त्या हंगामात त्याची सरासरी भरली २७.२ रिबाउंड, तोही विक्रमच. पीक अमाप आले होते आणि पायलीने मोजले जात होते. शेत केवढे होते ते कुणी विचारत नव्हते.

रसेलची गोष्ट वेगळी. कारकिर्दीची बेरीज केली तर चेंबरलेनचे २३,९२४ रिबाउंड आणि रसेलचे २१,६२०. कागदावर रसेल मागे. पण १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत रसेलच्या सेल्टिक्सने अकरा विजेतेपदे मिळवली. प्रशिक्षक रेड आउरबाख यांनी सगळा डाव रसेलच्या बचावात्मक रिबाउंडवर बांधला होता. समोरच्याचा शॉट चुकला, रसेलने हवेत चेंडू धरला, पाय जमिनीला लागतात न लागतात तोच तो बाजूला बॉब कूझीकडे फेकला आणि समोरचा संघ मागे वळायच्या आत सेल्टिक्स दुसऱ्या टोकाला पोचलेले असत. अशा वेळी रिबाउंड म्हणजे नुसता चेंडू परत मिळवणे राहत नाही, हल्ल्याचे ते पहिले पाऊल ठरते. चेंडू मिळाल्यावर त्याचे पुढे काय झाले, हे ५५ चा आकडा सांगत नाही. माझ्या मते त्या रात्रीच्या निकालाचे निम्मे उत्तर इथे आहे.

उरलेले निम्मे उत्तर कळायला आधी रिबाउंडचे दोन प्रकार वेगळे करायला हवे होते. समोरच्या संघाचा चुकलेला शॉट आपण धरला तर तो बचावात्मक रिबाउंड. आपल्याच संघाचा चुकलेला शॉट पुन्हा आपणच मिळवला तर तो आक्रमक रिबाउंड. दोन्हींत कष्टांचा आणि फळाचा फरक मोठा आहे. बचाव करणारा खेळाडू आधीच टोपली आणि प्रतिस्पर्धी यांच्यामध्ये उभा असतो, जागा त्याची असते. पाठ लावून समोरच्याला बाहेर अडवून धरायचे, म्हणजे ज्याला मैदानावर सगळे ‘बॉक्स आउट’ म्हणतात ते केले, की बहुतेक चेंडू त्यालाच मिळतात. आक्रमण करणाऱ्याला मात्र ती भिंत ओलांडावी लागते. त्याने चेंडू मिळवला तर संघाला आणखी एक डाव मिळतो आणि तोही टोपलीच्या अगदी जवळून. इतकी वेगळी ही दोन कामे एनबीएच्या वहीत तेवीस वर्षे एकाच रकान्यात लिहिली जात होती. एबीए या प्रतिस्पर्धी लीगने ती १९६७ पासून वेगळी केली. एनबीएने १९७३-७४ मध्ये. त्याच वर्षी हिसकावलेले चेंडू आणि अडवलेले शॉट यांचीही मोजणी सुरू झाली. त्यामुळे शॉट अडवण्यात ज्याची दहशत होती त्या रसेलच्या नावावर अडवलेल्या शॉटचा एकही अधिकृत आकडा नाही. तो १९६९ मध्येच निवृत्त झाला होता.

नवा रकाना जणू मोझेस मलोनसाठीच आखला गेला. शाळा संपवून १९७४ मध्ये थेट व्यावसायिक खेळात आलेला हा माणूस अंतिम रेषेच्या बाजूने बोर्डाखाली घुसायचा आणि एकदा नाही तर दोनदा, तीनदा उडी मारत राहायचा. १९७८-७९ च्या एका हंगामात त्याने ५८७ आक्रमक रिबाउंड घेतले. तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. १९८३ च्या अंतिम फेरीत त्याच्या फिलाडेल्फियाने लॉस एंजेलिस लेकर्सला सरळ चार सामन्यांत हरवले. त्या चार सामन्यांत मलोनचे रिबाउंड ७२, त्याच्याहून उंच करीम अब्दुल-जब्बारचे ३०. जुन्या एकाच रकान्यात मलोन एक चांगला रिबाउंडर एवढाच दिसला असता. आपल्या संघाला तो किती जादा डाव मिळवून देतो, हे नव्या रकान्याने दाखवले.

तरी एक खोट राहिलीच, आणि ती सगळ्यांत मोठी. ती आकडे घेऊनच पाहू या. समजा, आपल्या संघाचे २५ शॉट चुकले आणि समोरच्यांचे ४५. आपल्या २५ पैकी ५ चेंडू आपण परत मिळवले, २० त्यांनी धरले. त्यांच्या ४५ पैकी ३० आपण धरले, १५ त्यांनी परत मिळवले. बेरीज करा: आपले ३५, त्यांचे ३५. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत येईल की रिबाउंडमध्ये दोन्ही संघ तुल्यबळ ठरले. वस्तुस्थिती तशी मुळीच नाही. आपण आपल्या चुकलेल्या शॉटपैकी पाचवा हिस्सा परत आणला, त्यांनी तिसरा हिस्सा. त्यांना १५ जादा संधी मिळाल्या, आपल्याला ५. बेरीज सारखी दिसली ती केवळ त्यांचा नेम वाईट होता म्हणून.

म्हणून मोजायचे ते हाती आलेले चेंडू नव्हेत, तर हाती येऊ शकत होते त्यांतला वाटा. संघाचे आक्रमक रिबाउंड भागिले आपले आक्रमक आणि त्यांचे बचावात्मक यांची बेरीज. आला तो खरा दर. खेळाडूसाठी हाच वाटा तो जितकी मिनिटे मैदानावर होता तेवढ्यापुरता काढायचा.

ही कसोटी लावली की जुनी यादी हलते. १९६०-६१ मध्ये एका संघाचे सामन्याला सरासरी ७३ च्या घरात रिबाउंड होत; दोन संघांचे मिळून १४६. चेंबरलेनचे २७.२ म्हणजे साधारण १९ टक्के. त्या बेरजेत कुणा एका खेळाडूच्या नावावर न जाणारे संघाचे रिबाउंडही धरलेले असत, त्यामुळे त्याचा खरा वाटा याहून थोडा वर जाईल. आता १९९१-९२ चा डेनिस रॉडमन घ्या. उंची सहा फूट सात इंच, म्हणजे बोर्डाखालच्या जगात बुटकाच. सरासरी १८.७ रिबाउंड. पण तोवर नेम सुधारला होता, शॉट कमी झाले होते आणि दोन संघांचे मिळून सामन्याला ८७-८८ रिबाउंडच होत होते. तो खेळे सुमारे ४० मिनिटे. तेवढ्या वेळेचा हिशेब केला तर त्याचा वाटा २५ टक्क्यांच्या वर जातो. तो मैदानावर असताना खाली येणाऱ्या दर चार चेंडूंतला एक त्याचा. चेंबरलेनचे मोठेपण याने कमी होत नाही, पण रिबाउंडच्या कलेत रॉडमन त्याच्या पुढे होता असे मला वाटते, आणि ते म्हणायला जुन्या वहीत आधार मिळाला नसता.

रॉडमन मित्रांना वेगवेगळ्या जागांवरून शॉट मारायला लावी आणि चेंडू कसा गिरक्या घेतो, रिंगला लागून किती लांब जातो, हे बघत बसे. १९९२ ते १९९८ सलग सात वर्षे तो रिबाउंडमध्ये पहिला आला. या कामाची संघाला किती किंमत असते ते १६ जून १९९६ च्या अंतिम सामन्यात दिसले. शिकागो विरुद्ध सिएटल, सहावा सामना. मायकेल जॉर्डनने १९ पैकी ५ शॉट आत टाकले, १४ चुकले. एरवी एवढ्यावर संघ बुडाला असता. रॉडमनने त्या दिवशी १९ रिबाउंड घेतले आणि त्यांतले ११ आक्रमक होते. शिकागोने ८७-७५ असा सामना आणि विजेतेपद जिंकले. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून जॉर्डनची निवड झाली. रीतच आहे ती.

रिबाउंडची नेमकी किंमत ठरवण्याचा गाजलेला प्रयत्न आकडेवारीचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात केला. त्यांनी विजयाचे चार घटक मांडले आणि ढोबळ वजने दिली: शॉटचा नेम ४० टक्के, चेंडू न गमावणे २५, रिबाउंड २०, फ्री थ्रो १५. म्हणजे नेम पहिला हे खरेच, पण पाचातला एक भाग या दुर्लक्षित कामाचा. नंतर २०१३-१४ पासून एनबीएच्या प्रत्येक मैदानाच्या छताला सहा कॅमेरे लागले. सेकंदाला पंचवीस वेळा प्रत्येक खेळाडू आणि चेंडू कुठे आहे हे टिपले जाऊ लागले. राजीव महेश्वरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदींवरून २०१४ मध्ये रिबाउंडचे तीन भाग केले: शॉट सुटला तेव्हा खेळाडूने किती चांगली जागा धरली होती, त्यानंतर धावून त्याने किती संधी वाढवली आणि संधी मिळाल्यावर चेंडू खरोखर हाती राखला का. नुसती जागा अडवून सहकाऱ्याला चेंडू मिळवून देणाऱ्याचे श्रमही आता मोजता येऊ लागले.

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध? खेळ आपल्याकडे आला तो याच वायएमसीएच्या वाटेने आणि आश्चर्य वाटावे इतक्या लवकर. स्प्रिंगफील्डच्या त्या पहिल्या तुकडीतला डंकन पॅटन १८९४ मध्ये हिंदुस्थानात हा खेळ घेऊन आला. १९२० मध्ये मद्रासला हॅरी क्रो बक यांनी वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकात नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केले. वस्तीच्या जीवनाचा अभ्यास आणि सेवा ही त्यामागची कल्पना; टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवातही १९३६ मध्ये याच इमारतीत झाली. तो नागपाडा पुढे मुंबईच्या बास्केटबॉलचे माहेर झाला आणि तिथल्या अब्बास मुंतसीर यांनी भारताचे कर्णधारपद भूषवून १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीला झाली होती आणि राष्ट्रीय फेडरेशन १९५० मध्ये स्थापन झाले. योगायोग असा की त्याच हंगामात तिकडे अमेरिकेत रिबाउंड लिहायला सुरुवात झाली.

आपल्याकडे मात्र तो रकाना आलाच नाही. आमच्या हैदराबादेतल्या जामबागेचेच बघा. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने निजामाच्या राजवटीत मराठी मुलांसाठी उभी केलेली विवेकवर्धिनी ही १९०७ सालची शाळा इथे आहे. कोठी, पुतळीबावली, मोझमजाही मार्केट सगळे हाकेच्या अंतरावर आणि नारायणगुड्याची वायएमसीएही फार लांब नाही. या शहरात शाळा-कॉलेजांचे सामने होतात तेव्हा टेबलावर आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलेल्या नमुन्याची स्कोअरशीट असते. तीत वाढते गुण असतात, कुणी टाकले त्याचा क्रमांक असतो, प्रत्येकाचे फाउल असतात, टाइम-आउट असतात. रिबाउंडला त्या कागदावर जागाच नाही; ती आकडेवारी वेगळ्या माणसांनी वेगळ्या कागदावर ठेवायची असते आणि मोठ्या स्पर्धांखेरीज ती माणसे नसतात. म्हणजे सामना संपल्यावर गुण टाकणाऱ्याचे नाव लेखी उरते, फाउल करणाऱ्याचेही उरते आणि चाळीस मिनिटे बोर्डाखाली कोपर खात चेंडू परत आणणाऱ्याचे काहीच उरत नाही. निवड समितीपुढे तोच कागद जातो. मग पोरे लांबून शॉट मारायचाच सराव करतात, यात त्यांचा काय दोष? आपल्याच खो-खोत संरक्षक किती मिनिटे, किती सेकंद टिकला हे गुणपत्रकात लिहिले जाते. न दिसणाऱ्या कामाची नोंद ठेवण्याची रीत मराठी मैदानाला परकी मुळीच नाही.

एक गोष्ट आकड्यांच्या भक्तांनीही ध्यानात ठेवावी. आक्रमक रिबाउंडचा दर जितका जास्त तितके चांगले, असे डोळे मिटून धरता येत नाही. १९८० च्या दशकात एनबीएचे संघ आपल्या चुकलेल्या शॉटपैकी साधारण तिसरा हिस्सा परत मिळवत. पुढे तो चौथ्या हिश्शावर आणि त्याच्याही खाली आला. ते आळशी झाले म्हणून नव्हे. चेंडूमागे पाच जण धावले आणि तो समोरच्याने धरला, तर आपल्या बाजूला अडवायला कुणी उरत नाही. म्हणून कित्येक प्रशिक्षकांनी जाणूनबुजून खेळाडू मागे वळवले. किती जणांना पाठवायचे आणि किती जणांना परत बोलवायचे, हा निर्णय प्रशिक्षकाचा. पण तो घ्यायला स्वतःच्या संघाचा दर आधी ठाऊक हवा.

त्यासाठी छताला कॅमेरे लागत नाहीत. जामबागेतल्या, परभणीतल्या, लातूर-नांदेडच्या शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना एवढेच सांगणे आहे: पुढच्या सामन्याला राखीव खेळाडूंपैकी एकाच्या हातात वही द्या. चार रकाने आखा: आपला शॉट चुकला आणि आपण धरला, आपला चुकला आणि त्यांनी धरला, त्यांचा चुकला आणि आपण धरला, त्यांचा चुकला आणि त्यांनी धरला. चेंडू आपल्या खेळाडूने धरला असेल तर रेघेऐवजी त्याचा क्रमांक लिहायला लावा. दहा सामन्यांनंतर ती वही उघडा आणि मगच संघ निवडा.